वेणू ठेवायचं म्हणतोय

टिळकवाडी, बेळगाव

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर नावाचा विषय निघाला की आई एक सांगते, मागून बाबा दुसरंच सांगतात आणि इकडं बाळ रडायला लागतं. म्हणून निवांत बसून लिहितोय. बाळ-बाळंतीण दोघी छान आहेत. मी रोज संध्याकाळी शहापूरला जाऊन येतो. मालिश करायला येणारी मावशी म्हणते, पोरगी आजीवर गेलीय. कुठल्या आजीवर ते मात्र ती समोर कोण बसलंय ते बघून सांगते.

बाबा, तुमची यादी मिळाली. वहीचं पान, वर 'श्री', आणि पहिलंच नाव मलप्रभा. कणकुंबीला उगम पावून खानापुरावरून सौंदत्तीकडं जाणारी आपली नदी. असं नाव पुण्या-मुंबईत शोधून सापडायचं नाही, हे मान्य. पण तुम्ही आयुष्यभर मास्तरकी केलीत. मराठी शाळेतली पोरं या नावाची पहिली दोनच अक्षरं उचलणार आणि दहावीपर्यंत सोडणार नाहीत, हे तुम्हांला मी सांगायला पाहिजे का? कन्नड शाळेत चाललं असतं. वेदगंगा मला आवडलं होतं, पण सूनबाई म्हणाली, हाक मारेपर्यंत पोरगी गल्लीच्या टोकाला जाईल.

आई, तुझं म्हणणं की आजीचं नाव फिरून घरात आलं पाहिजे. यल्लूबाई. सौंदत्तीच्या यल्लम्माचं नाव, आपल्या भागात घरटी एक तरी आहेच. यल्लाप्पा, परशराम, कल्लाप्पा, भरमाण्णा, रवळू, सगळी देवाची नावं आणि सगळी याच मातीतली. शाळेत एका परशरामला हाक मारली की तिघे 'ओ' द्यायचे. पण मला तू एक सांग, तू हिला हाक कशी मारणार? सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नाही म्हणून तू आजपर्यंत आजीचं नाव उच्चारलेलं नाहीस. दवाखान्यात केसपेपर काढताना विचारलं तर रेशनकार्ड पुढं करायचीस. मग नातीला तू 'बाळी'च म्हणणार आणि नाव कागदावर राहणार. आजीलाही तिच्या आजेसासूचंच नाव होतं, म्हणून जन्मभर सगळ्यांनी तिला 'आक्का'च म्हटलं. नाव ठेवायचं आणि घ्यायचं मात्र नाही, हा हिशोब मला कधी कळला नाही.

आता सूनबाईची यादी. मोबाईलवरची, भलीमोठी. बाळंतपणाच्या आधीपासून चाललेली, त्यामुळं मुलगा-मुलगी दोन्हींची. मुलाच्या नावांत सगळ्यांत वर आरव, आणि समोर अर्थ दिलेला 'शांत'. बाबा, तुम्ही हसाल. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. (शेजारच्या आरवला बघितल्यावर संस्कृतवरचा माझा विश्वास वाढला.) मुलींत कियारा. ते इटालियन धरलं तर लख्ख, उजळ. आयर्लंडमधलं धरलं तर काळी. यादीत मात्र कियारापुढंही 'संस्कृत' लिहून मोकळे. परदेशी नाव ठेवायला माझी हरकत नाही, पण त्याला खोटं गोत्र कशाला चिकटवायचं? आणि जगावेगळं म्हणून जो तो तेच उचलतोय, तर वर्गात परशरामसारख्याच तीन-तीन कियारा होणार.

जुनं ते सगळं चांगलं असंही मी म्हणत नाही. मूल जगत नाही म्हणून दगडू, धोंडू ठेवायचे, त्यात निदान माया होती, देवाची नजर चुकवायची धडपड होती. पण नकुशी? 2011 साली साताऱ्यात अशा शेकडो पोरींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली, तेव्हा तुम्ही पेपरातली ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली होती, बाबा. पोरींनी आपली नवी नावं स्वतः निवडली होती त्यात.

भटजींकडूनही जाऊन आलो. हस्त नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर 'ण'. 'ण'वरून काय ठेवणार? पू, ष, ण, ठ, असे हस्ताचे चार चरण. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला तर 'ङ' येतो, म्हणजे आपण त्यातल्या त्यात सुटलो. भटजीच म्हणाले, पत्रिकेतलं नाव वेगळं असू दे, पाळण्यातलं तुम्ही तुमच्या मनाचं ठेवा.

तर मनाचं नाव वेणू. तुमच्या दोघांच्याही यादीत नाही, सूनबाईच्याही नाही, म्हणून कुणाची हार नाही. वेणू म्हणजे वेळू, म्हणजेच बांबू, आणि त्याचाच कृष्णाच्या हातातला पावा. आपल्या बेळगावचं शिलालेखातलं नाव वेणुग्राम. 2014 च्या 1 नोव्हेंबरला कागदावर बेळगावी झालं आणि आई अजून बसमध्ये बेळगावच मागते. त्या वादात मी पडत नाही, पण वेणुग्रामावर सगळ्यांचा सारखाच हक्क आहे. आणि आई, मिरजेच्या वेणाबाई, समर्थांच्या शिष्या, त्यांच्या मठात तू जाऊन आलीयस. बालविधवा असून उभं राहून कीर्तन करणारी बाई. तिच्याजवळचं नाव आपल्या पोरीला शोभेल.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. कन्नड मुलखात वेणू मुलाचं नाव, वेणुगोपाळातलं. शेजारच्या काकूंनी ऐकल्याबरोबर विचारलं, "वेणू अंद्र हुडुगन हेसरु अल्लेन्री?" मी म्हटलं, आमच्यात मुलीचं. त्या म्हणाल्या, बरं, मग दोन्हीकडं चालतं. मलाही तेच वाटतं.

दुसरं कारण अगदी स्वार्थी आहे. माझ्या नावाचे हाल तुम्ही बघितलेत. 'ज्ञ' आपण 'द्न्य' म्हणतो, म्हणून मराठी शाळेनं इंग्रजीत डी-एन-वाय लिहिलं. कन्नडच्या अंगानं एकानं जे-एन केलं, पुढं कुणी जी-एन. दहावीचा दाखला एक, पॅनकार्ड दुसरं, बँकेत तिसरं, आणि दरवेळी ॲफिडेव्हिट. पोरीच्या नावात जोडाक्षर नको हे मी लग्नाआधीच ठरवलं होतं. वेणू तिन्ही लिप्यांत सरळ बसतं.

जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, ती दवाखान्यातून झालीय. नावाचा रकाना मोकळा ठेवलाय. वर्षाच्या आत नाव घातलं तर फी नाही, त्यानंतर दंड भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. पण पंधरा वर्षं मला थांबायचं नाही. दाखला कन्नड आणि इंग्रजीत मिळतो, आणि कन्नडमध्ये ऱ्हस्व 'ए' वेगळा, दीर्घ वेगळा. क्लार्कनं घाईत ऱ्हस्व लिहिला तर पुन्हा माझीच गत. बाबा, तुमचं कन्नड अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. कोऱ्या कागदावर ठळक लिहून फोटो पाठवा, अर्जाला तोच जोडतो. पटत नसेल तर तेही लिहा, पण मग कारण लिहा.

बारसं पुढच्या रविवारी. ताई निपाणीहून आदल्या दिवशी येतेय, कानात 'कुर्रर्र' तीच करणार. तिला नाव अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. तिच्या पोटात राहत नाही. घुगऱ्यांचे हरभरे इकडं मिळतील. पण आई, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' करायला वरवंटा पाहिजे, आणि इकडं दोन्ही घरांत मिक्सर आहे. आपला काळा वरवंटा पिशवीत घालून आण, आणि पिशवी बाबांना उचलू देऊ नको.

तुमचा,
ज्ञानू