‘धर्म नमूद नाही’ म्हणजे नास्तिक नव्हे

महोदय,

धर्मश्रद्धा ओसरत असल्याचा रविवारच्या अंकातील लेख वाचला. जनगणनेत ‘धर्म नमूद नाही’ या गटातील संख्या २००१ मधील सुमारे ७ लाखांवरून २०११ मध्ये २८ लाखांवर गेली, म्हणून नास्तिक चौपट झाले, हा त्यातील निष्कर्ष पटत नाही. रकाना कोरा राहिलेलेही याच गटात मोडतात. नास्तिक अशी स्पष्ट नोंद २०११ मध्ये देशभरात जेमतेम ३३ हजारांची होती.

पण हा आकडाही खरा मानू नये. प्रगणक दारात उभा असतो आणि बहुधा घरातले एकच माणूस सगळ्यांची माहिती सांगते. २०११ च्या अर्जात सहा धर्मांना संकेतांक होते, बाकीचे उत्तर अक्षरी लिहायचे होते. कोथरूडच्या घरात आईने ‘हिंदू’ म्हटले की देव न मानणाऱ्या मुलापुढेही ‘१’ पडतो. शिवाय कर्मकांड सोडणे म्हणजे देव सोडणे नव्हे. याच पुण्यात १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीराव फुले यांनी भटजीची मध्यस्थी नाकारली; निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता देव, नाकारला नाही.

२०२७ च्या गणनेत ज्यांना वेगळे उत्तर द्यायचे आहे, त्यांनी ते घरात आधी सांगून ठेवावे आणि प्रगणकाकडून तसेच लिहून घ्यावे.

– एक वाचक, पुणे