लेझीम एक कमी

प्रिय बाळा,

रविवारी फोन मीच मधेच ठेवला, ते चुकलं. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतीये, म्हणजे चहा ठेवलाय, बीपीची गोळी घेतली का, बस. तिचं म्हणणं असं की पोरीनं तीन वर्षं खपून किल्लारीच्या भूकंपावर पोरांसाठी पुस्तक लिहिलं आणि बापानं पहिला प्रश्न काय विचारला, तर नाव बदललंस का. खरंय तिचं. फोनवर मला जमत नाही गं, आवाज चढतो आणि तुला वाटतं चिडलोय. म्हणून टाइप करतोय, एका बोटानं, चुका संभाळून घे.

पुस्तक दोनदा वाचलं. मोबाइलवर अक्षर बारीक दिसतं म्हणून स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली, अठ्ठेचाळीस पानं. चित्रं बघून तो म्हणला गुरुजी हे आपल्याकडचं माळवदाचं घर का, म्हणलं हो, आमच्या पोरीनं लिहिलंय, तर पैसेच घेईना. मग मी उगाचच त्याला सगळं पुस्तक उलगडून दाखवत बसलो, मागं दोन गिऱ्हाइकं थांबलेली. हे तुला सांगायचं नव्हतं पण सांगितलं.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर मास्तरकी अशी की लाल पेनच आधी हातात येतो. घर मधून कापून दाखवलंय ते पान एक नंबर. दोन-अडीच हात जाडीच्या भिंती, आत गोल गोटे आणि मातीचा गारा, वर लाकडं, लाकडांवर माती, आणि दर पावसाळ्याच्या आधी त्यावर पांढऱ्या मातीचा अजून एक थर. आमचे आजोबा अभिमानानं सांगायचे की आपलं माळवद हातभर जाड आहे, उन्हाळ्यात पंखा लागत नाही. फक्त तिथं एक वाक्य बदल. ‘जमीन इतकी जोरात हलली की घरं पडली’ असं लिहिलंयस. तसं नाही. ६.२ रिश्टर, कुणी ६.४ म्हणतं, जगात तेवढे धक्के नेहमी बसतात. शाळेची पत्र्याची खोली उभी राहिली, मी त्याच खोलीपुढं झोपलो होतो म्हणून हे पत्र लिहितोय. माणसं गेली ती वरच्या मातीनं आणि त्या दगडी भिंतींनी. पोरांना हे स्पष्ट कळू दे.

१९९२ चं पान टाकलंस तेही बरं केलंस, ते बहुतेक जण विसरतात. आदल्या वर्षी ऑगस्टपासून किल्लारीला धक्के बसत होते, १८ ऑक्टोबरचा तर असा की भिंतींना तडे गेले, लोक अंगणात झोपायला लागले. मग काहीच होईना, थंडी पडली, लोक आत गेले. सरकारी नकाशात आपला भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमधे होता, भूकंपानंतर तिसऱ्यात टाकला. आत गेलेल्यांना वेडं ठरवू नकोस कुठं, तू ठरवलं नाहीस, पण चित्रातला तो आजोबा जरा बावळट दिसतोय, चित्रकाराला सांग.

आता पान ३१. नाही, आधी दुसरं एक सांगतो.

तुला आठवत नसेल, तू दुसरी-तिसरीत असशील, मी वर्गात सादाको सासाकीची गोष्ट सांगायचो. हिरोशिमाची पोरगी, ६ ऑगस्ट १९४५ ला बाँब पडला तेव्हा दोन वर्षांची, पुढं ब्लड कॅन्सर झाला, दवाखान्यात कागदाचे करकोचे करत बसायची, आणि १९५५ ला बारा वर्षांची असताना गेली. मी पहिल्यांदा ती सांगितली तेव्हा शेवट गिळणार होतो. म्हणलं ही भूकंपातली पोरं, अर्ध्यांच्या घरात कुणी ना कुणी गेलेलं, यांना कशाला. तर मागच्या बाकावरून एकानं विचारलं, गुरुजी मग ती वाचली का. मी म्हणलं नाही. वर्गात आवाज बंद. मग तोच म्हणला, कागद द्या की, कसा करतात दाखवा. मला करता येत नव्हता! हेडमास्तरांच्या मुलीकडून शिकून आलो दुसऱ्या दिवशी. पोरं खरं ऐकू शकतात बाळा, आपणच आधी घाबरतो. तुला हे माहितीय, तूच तर पुस्तकाच्या सुरुवातीला मोठ्यांसाठी दोन पानं याच्यावर लिहिलीस. मग पान ३१ ला काय झालं तुला?

बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी.

पान ३१ वरचा तो मुलगा. नाव मी इथंही लिहीत नाही, सतरा नंबर म्हणतो, हजेरीत सतरा नंबरला होता. तू माझ्या ट्रंकेतलं हजेरीचं कॅटलॉग बघितलंस हे मला रागाचं नाही, तुझ्यासाठीच ठेवलं असेल नाहीतर कुणासाठी. पण नाव तू तसंच घेतलंस, आडनावासकट, गावासकट, आणि पुस्तकात तो वाचतो. ढिगाऱ्याखाली लेझीम हलवतो, जवानांना छुणछुण ऐकू येते, ते हातानं दगड काढतात आणि तो बाहेर येतो, हातात लेझीम. फार सुंदर लिहिलंयस. मी वाचताना दोन मिनिटं विसरलो की तसं झालं नव्हतं, आणि मग आठवलं.

त्याची आई आहे अजून. नवीन गावात, दोनशे पन्नास स्क्वेअर फुटाच्या लाइनीत राहते, जमीन कमी तर घर लहान हा तेव्हाचा सरकारी हिशोब. धाकटा लेक वाचला होता, त्याची पोरगी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला आहे. तुझं पुस्तक छापलं की शाळेच्या पुस्तकपेटीत जाणार, जावंच. आणि ती पोरगी घरी जाऊन आजीला वाचून दाखवणार की आजी, हे काकाचं नाव आहे, काका वाचला. याच्या पुढचं मला सुचत नाही. रविवारी हेच सांगायचं होतं आणि तोंडातून निघालं नाव बदल.

तुला वाचलेलं पोर हवं असेल तर खरं आहे की. मंगरूळची ती दीड वर्षाची मुलगी, पाचव्या दिवशी फौजी अधिकाऱ्यानं ढिगाऱ्यातून जिवंत काढली, पलंगाखाली अडकली होती म्हणून राहिली. ते लिही. भूकंपानंतर पुण्याजवळ वाघोलीला शिकायला नेलेल्या बाराशे पोरांचं लिही, माझ्याच वर्गातली त्यात होती, एक आता एसटीत कंडक्टर आहे, तिकीट मशीन बाजूला ठेवून भर गाडीत पाया पडतो, मला लाज वाटते. हिंमत तिथंही आहे. नऊ वर्षांच्या पोरानं आईबाप गेल्यावर पुण्याच्या हॉस्टेलला अनोळखी पोरांत जेवायला बसणं याला काय म्हणायचं.

पण सतरा नंबरला तू का वाचवलंस ते मला कळतं. तू दहावीत असताना मी तुला लेझीमची गोष्ट सांगितली होती, लाइट गेलेली होती, आठवतं? त्यातलं अर्धंच सांगितलं होतं.

अनंत चतुर्दशी. बुधवार, २९ सप्टेंबर १९९३. आई तुझी उदगीरला, माहेरी, तू पोटात, सातवा संपत आलेला. मिरवणुकीत शाळेचं लेझीम पथक, चोवीस पोरं, पुढं सतरा नंबर. विसर्जन व्हायला उशीर झाला, पोरं घामानं निथळलेली, सगळ्या लेझीम मोजून खोलीत ठेवल्या, तर हा आला. गुरुजी, माझी घरी नेऊ का, आईला दाखवायचंय, सकाळी प्रार्थनेच्या आधी आणून देतो. डेडस्टॉकची, म्हणजे शाळेच्या साहित्याच्या नोंदीतली वस्तू, मी कधी पेन्सिल घरी नेऊ दिली नाही कुणाला. त्या दिवशी म्हणलं ने. खोलीवर जाऊन झोपायचा कंटाळा आला म्हणून मी शाळेच्या वऱ्हांड्यातच सतरंजी टाकली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं.

ते सगळं तुझ्या पुस्तकात आहे, मी परत लिहीत नाही. धूळ तेवढी तू कमी लिहिलीस. टॉर्च लावला तर टॉर्चच्या पुढं भिंत असल्यासारखी धूळ होती.

तुला सांगितलं नाही ते हे. उजाडल्यावर आम्ही चार-पाच जण त्याच्या गल्लीच्या तोंडाशी दगड काढत होतो, गल्ली राहिलीच नव्हती, नुसता ढीग. मला छुणछुण ऐकू आली. एकदा, मग थोड्या वेळानं परत एकदा. गावात बैल मोकळे सुटलेले, घुंगरमाळा घातलेले, मी म्हणलं बैल असेल. आणि त्याच वेळी उलट्या बाजूनं एक माणूस ओरडत होता, मी तिकडं गेलो. त्याला काढला आम्ही, दीड तास लागला. तुला माहितीय तो, दर दिवाळीला जवसाची चटणी घेऊन यायचा, तू त्याला चटणीआजोबा म्हणायचीस.

बैलच असेल. मी बत्तीस वर्षं म्हणतोय बैलच असेल. त्याच्या घराच्या जागी तिसऱ्या दिवशी पोचले लोक, तोवर पाऊस लागला होता, मी तिथं नव्हतो, त्यामुळं लेझीम हातात होती का कुठं होती मला माहीत नाही आणि मी कुणाला विचारलं नाही.

आणि तू बरोबर तेच लिहिलंस गं. तुला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात छुणछुण ऐकू येते आणि माणसं तिकडं जातात. त्याच्या आईपाशी हे पुस्तक गेलं तर ती मला विचारेल, गुरुजी, ऐकू आलं असतं का हो. म्हणून मी नाव बदल म्हणलो. तिला काय वाटेल म्हणलो ते खोटं नाही, पण पूर्ण खरं पण नाही.

नोव्हेंबरात पत्र्याच्या शेडमधे शाळा भरली. हजेरी घेताना सोळा झाले की जीभ आपोआप सतरावर जायची. मी महिनाभर गैरहजर मांडत राहिलो, एकट्याच्याच नाही, सगळ्यांच्याच पुढं. शेवटी हेडमास्तर म्हणले, गुरुजी, पटावरून नावं कमी करायला पाहिजेत, वर माहिती मागितलीये. मग केली. तू त्या पानावरच्या लाल रेघांचा फोटो पुस्तकात शेवटी घेतलाय, तो पण काढ. नाहीतर नको काढू. मला ठरवता येईना. त्यात नावं वाचता येतात, एवढंच बघ.

साहित्याची तपासणी झाली तेव्हा साहेबांनी विचारलं लेझीम चोवीस दाखवल्यात, तेवीसच कशा. मी शेऱ्यात लिहिलं, एक कमी, भूकंप. त्यांनी सही केली, काही बोलले नाहीत.

असो. तुझ्या पिल्लूनं परवा व्हिडिओकॉलवर विचारलं, आबा तुम्ही भूकंपात घाबरला होता का. मी म्हणलं नाही रे. तर म्हणतो, आईच्या पुस्तकात गुरुजी घाबरतात. पोरगं हुशार आहे, तुझ्यावर गेलंय. त्याला रात्री ते पुस्तक वाचून दाखवू नकोस, दिवसा दाखव, आणि घराचं पान आधी दाखव. आणि त्याच्या पलंगावरच्या फळीवर तुम्ही ती जाडजूड पुस्तकं रचून ठेवलीत ना, मी मागच्या वेळी पण बोललो होतो, ती खाली घ्या. जावईबापूंना वाटतं सासरे वहमी आहेत. असू दे.

प्रकाशकाला फायनल कधी द्यायचंय ते कळव. शक्य असेल तर आठ दिवस थांबव. येत्या रविवारी मी सकाळच्या औसा गाडीनं त्याच्या आईकडं जाऊन येणार आहे, प्रिंट बरोबर नेतो, पान ३१ तिला मीच वाचून दाखवेन. नाव राहू दे म्हणली तर राहील. तो पुस्तकात वाचू दे म्हणली तर तेही तुला सांगेन, मग मी मधे बोलणार नाही. आणि तिनं ते विचारलं तर सांगेन बैलाचं.

तुझी आई म्हणतीये मी पण येते. नको म्हणलं तर ऐकत नाही, डबा पण करणार म्हणे, तिच्यासाठी शेंगाची पोळी.

पान १२ वर ‘ज्वारी’ ऐवजी ‘जवारी’ झालंय, आणि २७ वर जवानाच्या टोपीचा रंग बघून घे.

तुझा,
अण्णा