दत्तक ही गोष्ट झाकून ठेवायची नाही

गॉलवे, आयर्लंड

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

रविवारी बाबा फोनवर जे बोलले, त्याचे उत्तर फोनवर नीट देता आले नसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. "मूल आणा, आमचा आशीर्वादच आहे, पण ते दत्तक आहे हे चार लोकांना कळायचे काय कारण, आणि मुलालाही कशाला सांगायचे?" असे तुम्ही म्हणालात आणि आईनेही शेजारून दुजोरा दिला. नातवंडाला उद्या कोणी टोचून बोलू नये, ही त्यामागची माया मला कळते. तरीही ही गोष्ट लपवायची नाही असे आम्ही दोघांनी ठरवले आहे, आणि आम्ही राहतो त्या देशात साठ-सत्तर वर्षांपूर्वी जे घडले ते या निर्णयामागचे मोठे कारण आहे.

१९५० च्या सुमाराचे आयर्लंड म्हणजे लहान लहान शेतांचा गरीब देश. शेत एकाच मुलाच्या नावावर व्हायचे, तेही बाप पार थकल्यावर. एखाद्या मुलीला हुंडा देऊन उजवायचे, आणि उरलेल्या भावंडांनी बोटीने इंग्लंड-अमेरिका गाठायची. त्या एका दशकात सुमारे ४ लाख माणसे देश सोडून गेली. घरधनीण पहाटेपासून गाईंच्या धारा, कोंबड्या, विहिरीचे पाणी आणि मुलेबाळे यांत जुंपलेली असे, आणि अंडी-लोणी विकून येणारे पैसे तेवढे तिच्या हातात राहत. खेड्यांत वीज १९४६ पासून येऊ लागली, पण घरात नळ यायला त्यानंतरही फार वर्षे गेली आणि त्यासाठी आयरिश कंट्रीवुमेन्स असोसिएशन या ग्रामीण बायकांच्या संघटनेला चिकाटीने झगडावे लागले. आई, यातले पुष्कळ तुला आजोळच्या गावासारखे वाटेल. कापणी-मळणीला शेजारीपाजारी एकमेकांच्या शेतावर राबायला जात, अगदी आपल्या इर्जिकीसारखे. त्याला इथे 'मेहल' म्हणतात.

पण एकमेकांना इतके धरून असलेल्या याच गावांत एखाद्या अविवाहित मुलीला दिवस गेले, तर तिच्यासाठी एकही दार उघडे राहत नसे. मुलीची बदनामी म्हणजे घराची बदनामी, आणि घराची बदनामी म्हणजे धाकट्या बहिणींची लग्ने अडणार, भावाला सोयरीक मिळणार नाही, असा हिशेब असे. गर्भनिरोधक साधनांच्या विक्रीवर १९३५ पासून कायद्याने बंदी होती. मुलाच्या बापाला सहसा कोणी जाब विचारत नसे. मुलीला मात्र पोट दिसू लागण्याआधी, बहुधा धर्मगुरूच्या सल्ल्याने, 'मदर अँड बेबी होम'मध्ये, म्हणजे अविवाहित गरोदर मुलींना बाळंतपणासाठी ठेवण्याच्या संस्थेत, पोचते केले जाई, आणि शेजाऱ्यांना ती इंग्लंडला कामाला गेली असे सांगितले जाई. कॉर्कजवळचे बेसबरो, टिपररीतले शॉन रॉस अॅबी, वेस्टमीथमधले कॅसलपोलार्ड आणि आमच्या गॉलवे परगण्यातले ट्यूम, ही त्यांतली काही नावे. सरकारी चौकशी आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. आयोगाने तपासलेल्या १८ संस्थांमधून १९२२ ते १९९८ या काळात सुमारे ५६ हजार आया आणि ५७ हजार मुले गेली, आणि त्यांपैकी सुमारे ९ हजार मुले दगावली, असे त्यात नोंदले आहे. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. मुलींच्या घरच्यांवर आणि मुलांच्या बापांवर मुख्य जबाबदारी टाकणारी आयोगाची भाषा मला पटली नाही, कारण घरच्यांना दुसरी वाटच दिसू नये अशी व्यवस्था चर्च आणि सरकार यांनीच उभी केली होती. एकटीने मूल वाढवणाऱ्या अविवाहित आईला सरकारी भत्ता मिळू लागला तो थेट १९७३ साली.

दत्तक घेण्याला इथे कायदेशीर रूप मिळाले ते १९५२ च्या कायद्याने. त्याआधी अशी मुले महिन्याच्या ठरावीक पैशांवर शेतकऱ्यांच्या घरी ठेवली जात. काहींना तिथे खरे आईबाप मिळाले, अनेकजण फुकटचे गडी म्हणून वाढले. नव्या कायद्यात दत्तक आईबाप मुलाच्याच धर्मपंथाचे असावेत ही अट होती, आणि मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत आईची संमती ग्राह्य धरली जात नसे. ही दुसरी अट आईच्या भल्यासाठी असेल, पण घरी परतायची सोय नसलेल्या मुलीच्या हाती ते सहा महिने मूल पाजण्यापलीकडे काहीच नव्हते. दत्तक पूर्ण झाले की मूळ जन्मनोंदीशी असलेला धागा सरकारी कुलपात बंद होई. शिवाय दोन हजारांहून अधिक मुले अमेरिकेला पाठवली गेली, आणि पुन्हा कधीही मुलाला पाहण्याचा प्रयत्न करणार नाही, असे त्यांच्या आयांकडून लिहून घेतले गेले.

फिलोमिना ली यांची हकीकत जगाला माहीत आहे, तरी तुम्हाला सांगतेच. त्यांचा मुलगा १९५२ मध्ये शॉन रॉस अॅबीत जन्मला. तीन वर्षे तो त्यांच्या डोळ्यांसमोर वाढला आणि १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेला पाठवला गेला. पुढे तो वॉशिंग्टनमध्ये मोठा वकील झाला आणि आईचा शोध घेत त्याच आश्रमात आला. आईही त्याची चौकशी करायला तिथेच जात होती. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचा पत्ता दिला गेला नाही. १९९५ मध्ये तो वारला, आणि आईला सापडावे म्हणून त्याने स्वतःचे दफन त्याच आवारात करायला सांगितले होते. बाबा, त्याला दत्तक आईबाप मिळाले यात मला वाईट काहीच दिसत नाही. वाईट ते हे की एकमेकांना शोधणाऱ्या मायलेकांच्या मध्ये एक कागद दाबून धरला गेला.

आणि आता जे लिहिते ते थेट तुमच्या प्रश्नाशी निगडित आहे. काही ठिकाणी दत्तकाची प्रक्रियाच केली गेली नाही. बाळ परस्पर दुसऱ्या जोडप्याकडे दिले गेले आणि जन्मनोंदीत आईबाप म्हणून त्याच जोडप्याची नावे घातली गेली, म्हणजे मूल त्यांच्याच पोटचे आहे असे सरकारदफ्तरी कायम झाले. २०१८ मध्ये एकाच दत्तक संस्थेच्या जुन्या कागदांत, १९४६ ते १९६९ या काळातली अशी १२६ प्रकरणे उघडकीला आली. नेमके हेच, मूल आपलेच आहे असे सगळ्यांना वाटू देणे, त्या जोडप्यांना हवे होते, आणि त्यांतल्या पुष्कळांनी मुलांवर जीव ओवाळून टाकला असेल यात मला शंका नाही. पण ज्यांना पन्नाशी-साठीत, स्वतःला नातवंडे झाल्यावर, सरकारी माणसाकडून हे पहिल्यांदा कळले, त्यांचा विचार करा. आयुष्यभर डॉक्टरांनी "घरात कुणाला मधुमेह, हृदयविकार?" असे विचारले आणि त्यांनी मनापासून चुकीची उत्तरे दिली. जन्मदाती बहुधा गेलेली, वाढवणारे आईबापही गेलेले. रागवायचे तरी कोणावर आणि विचारायचे कोणाला?

लपवण्याचा दुसरा परिणाम ट्यूममध्ये दिसतो, जे आमच्यापासून फार लांब नाही. तिथले 'होम' १९२५ ते १९६१ या काळात चालले. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक कॅथरीन कॉर्लेस त्याच गावच्या शाळेत शिकल्या. होममधली मुले शाळेत उशिरा आणली जात आणि लवकर नेली जात, म्हणजे इतरांत मिसळायला नको; त्यांच्या जड बुटांचा आवाज रस्त्यावरून ऐकू येई. एकदा एका वर्गमैत्रिणीचे पाहून लहानग्या कॅथरीननेही गोळीचा रिकामा कागद भरल्यासारखा गुंडाळून होममधल्या एका मुलीच्या हातावर ठेवला. ही आठवण त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितली आहे. त्याच बाईंनी पुढे पदरचे पैसे भरून एकेक मृत्यूदाखला मिळवला आणि त्या होममध्ये दगावलेल्या ७९६ मुलांची यादी जगापुढे ठेवली. त्यांच्या दफनाची नोंद कुठेच नव्हती. २०१७ मध्ये त्या आवारात जमिनीखाली मानवी अवशेष सापडले, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात तिथे रीतसर उत्खनन सुरू झाले. मी ती जागा पाहिली आहे. घरांच्या रांगांमागे साधा हिरवा तुकडा होता, आणि रहिवाशांनी फार वर्षांपासून तो निगुतीने जपला होता.

इथे आता ऑक्टोबर २०२२ पासून दत्तक गेलेल्या प्रत्येकाला वयाच्या सोळाव्या वर्षापासून आपला संपूर्ण जन्मदाखला मिळण्याचा हक्क आहे. आमच्या तयारीच्या वर्गातही पहिल्या दिवसापासून हेच सांगतात की मुलाला बोलता येण्याआधीपासून त्याची गोष्ट सांगत जा, म्हणजे ती कळण्याचा असा एखादा वेगळा दिवस उगवतच नाही. बाबा, तुम्ही शाळेत जोतीराव आणि सावित्रीबाई किती तन्मयतेने शिकवायचात. काशीबाई या विधवेचा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, डॉक्टर केला, आणि त्याचा जन्म कोणापासून दडवला नाही. पुण्यासारख्या गावात, त्या काळात, त्यांना ते जमले. मग आजच्या आपल्या घराला ते जड जाऊ नये.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. भारतातून बाळाचे जे कागद येतील, त्यांत त्याच्या जन्माबद्दल आणि प्रकृतीबद्दल जे काही लिहिले असेल, ते आम्ही जसेच्या तसे जपणार आहोत आणि ते त्याच्या मालकीचे असेल. त्याच्या जन्मदात्या आईबद्दल आपल्या घरात कोणी वावगा शब्द काढू नये, कारण तिच्यावर काय वेळ आली होती ते आपल्याला ठाऊक नाही. आमची समाजसेविका पुढच्या महिन्यात व्हिडिओवर तुमच्याशी बोलणार आहे. तिच्याशी मोकळेपणाने बोला, मनात शंका असल्या तर त्याही सांगा. आत्यांना आणि चाळीतल्या सगळ्यांना बाळ येण्याआधी तुम्ही स्वतःच सांगावे, असे मला वाटते. तुमच्या तोंडून आणि अभिमानाने कळले, तर कुजबुजीला जागाच राहणार नाही.

आईच्या गुडघ्याचे औषध चालू असेलच. थंडी वाढली आहे, सकाळी फिरायला जाताना बाबांनी कानाला मफलर बांधावा. पत्र मिळाले की फोन करा.

तुमची,
ताई