‘व्हार’ शिकवणे आता पुरे

महोदय,

पुण्यात पेठेपेठेत जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेचे क्लास आहेत, महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकांतही हा विषय असतो. पण व्हेरिएबल, म्हणजे व्हॅल्यू साठवायचे नाव, जाहीर करायचे म्हटले की फळ्यावर अजून ‘व्हार’ हा जुना शब्दच येतो. त्याच कामाचे ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ हे नवे शब्द २०१५ मध्येच भाषेत आले. पुढच्या सत्राची जर्नले छापायला जाण्याआधी एवढी दुरुस्ती व्हावी.

‘व्हार’ची खोड अशी, की तो कोडचा गट बांधणाऱ्या महिरपी कंसाला जुमानत नाही, त्याची हद्द अख्खे फंक्शन, म्हणजे एका कामासाठी लिहिलेला कोडचा पूर्ण तुकडा. कसबा, शनिवार, नारायण अशी तीन नावांची यादी घ्या. ‘फॉर’ लूपमध्ये, म्हणजे फेऱ्या मारणाऱ्या कोडमध्ये, फेरी मोजायला ‘व्हार आय’ लिहून प्रत्येकासाठी एक बटण करा आणि क्लिक झाल्यावर यादीतले ‘आय’ क्रमांकाचे नाव दाखवायला सांगा. कोणतेही बटण दाबा, ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे व्हॅल्यूच नाही! तिन्ही बटणांचा ‘आय’ एकच, आणि क्लिक होईपर्यंत लूप संपून तो ३ वर जाऊन बसलेला. यादीचे क्रमांक तर ० ते २. तिथे ‘लेट’ लिहिले की दर फेरीला नवा ‘आय’ मिळतो आणि पेठा जागेवर येतात.

दुसरी भानगड शुद्धलेखनाची. या भाषेत व्हेरिएबलला देवनागरी नावही चालते. वर ‘लेट एकूण = ०’ आणि खाली बेरजेत ‘एकुण = एकूण + दर’ असे झाले, तर साध्या स्क्रिप्टमध्ये गुपचूप ‘एकुण’ नावाचे ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामला दिसणारे, नवेच व्हेरिएबल तयार होते; खरे ‘एकूण’ शून्यावरच. फाइलच्या पहिल्या ओळीत अवतरणचिन्हांत ‘यूज स्ट्रिक्ट’ लिहिले, की ती बेरजेची ओळ चालताच ऱ्हस्व-दीर्घाची चूक ‘असे नाव जाहीरच नाही’ सांगणाऱ्या रेफरन्स एररमध्ये सापडते. मॉड्यूल म्हणून लोड केलेल्या फाइलमध्ये ही शिस्त आपोआप असते.

सवय ‘कॉन्स्ट’चीच लावावी, व्हॅल्यू बदलावी लागलीच तर ‘लेट’. ‘कॉन्स्ट’मुळे यादी गोठते हा मात्र गैरसमज. ते नाव दुसऱ्या यादीला देता येत नाही इतकेच. आत नवा घटक खुशाल भरता येतो.

जुन्या कोडमध्ये ‘व्हार’च्या जागी ‘लेट’ असा सरसकट ‘फाइंड-रिप्लेस’ मारू नये. अट तपासणाऱ्या ‘इफ’च्या महिरपी कंसात जाहीर केलेले नाव बाहेर वाचले जात असेल तर प्रोग्राम तिथे अडतो; ते कंसाच्या वर जाहीर करावे. व्हॅल्यू पाहून पर्याय निवडणाऱ्या ‘स्विच’मधल्या सगळ्या ‘केस’ची, म्हणजे पर्यायांची, हद्द एकच, त्यामुळे दोन ‘केस’मध्ये एकच नाव ‘लेट’ने आले तर फाइल सुरूच होत नाही. प्रत्येक ‘केस’ला स्वतंत्र महिरपी कंस द्यावा.

— एक वाचक, कर्वेनगर, पुणे