नळीचं तोंड कुठल्या बाजूला होतं

ओम्या,

गाडीत जागा मिळाली का विचारलं होतं, निळ्या टिका आल्या पण उत्तर नाही. ठीकय, रागावलायस. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा ओट्यावरच राहिला, बाबा म्हणाले कुर्डुवाडीला खाईल काहीतरी, उपाशी राहणाऱ्यातला नाही तो. काल मी आत्यासमोर तुला तसं बोलायला नको होतं, तेवढं चुकलं माझं. पण बोलले ते चुकीचं नव्हतं.

एकच विचारायचंय. तू घरात जोडलेल्या त्या एक्स-रेच्या नळीचं तोंड कुठल्या बाजूला होतं?

तू गेल्यावर दत्तामामाला बोलावलं, मी हात लावला नाही. प्लग काढून तीन तास झाले होते, तरी त्याने कोरड्या प्लॅस्टिकच्या काठीला अर्थिंगची वायर बांधून करंट साठवणाऱ्या कपॅसिटरला टेकवली तर टचकन ठिणगी पडली. बाबा दोन पावलं मागे सरले. मामा म्हणाला पोराने बाकी काम झ्याक केलंय पण साठलेला करंट उतरवणारा ब्लीडर रेझिस्टरच लावला नाही, प्लग काढला तरी करंट आत बसून राहतो की. हा माणूस तीस वर्षं लूमच्या मोटारी दुरुस्त करतोय, आणि काम करताना डावा हात अजून खिशात ठेवतो, दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो म्हणून. मी झाडू मारायला गेले असते तर? बरं, ते असो.

शॉकचं तुला कळतं, तो दिसतो, आवाज येतो. माझा जीव अडकलाय तो दुसऱ्या गोष्टीत, त्या किरणांत. तू म्हणालास 'आई, मला काही जाणवलं नाही'. अरे जाणवत नाही तेच तर! वास नाही, रंग नाही, चटका नाही, कातडी लाल व्हायची तर काही आठवड्यांनी होते, तोवर माणूस विसरलेला असतो. डिप्लोमाला सर सांगायचे, एक्स-रे शोधणाऱ्या रॉन्टगेनने १८९५ साली बायकोच्या हाताचा फोटो काढला, अंगठीसकट, आणि लोक येडे झाले, जो तो आपला हात नळीसमोर धरून बघायला लागला. एडिसनकडे क्लॅरेन्स डॅली म्हणून माणूस होता, नळी चालते का बघायला हात धरायचा, दोन्ही हात कापावे लागले, १९०४ साली गेला. त्याचे हाल बघून एडिसनने एक्स-रेचं कामच सोडलं. हे तुला माहीत असणार, तू माझ्यापेक्षा जास्त वाचतोस. तरी लिहिलं. आईला माफ कर.

२२ वर्षं झाली मला या एक्स-रे डिपार्टमेंटला. अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बॅज दर तीन महिन्यांनी तपासायला जातो, रिपोर्ट येईपर्यंत पोटात गोळा असतो, अजून. आमच्या खोलीच्या भिंती नऊ इंची विटेच्या, दाराला शिशाचा पत्रा, मशीनला एईआरबीचं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं लायसन्स, तरीपण बटण मी आडोशामागूनच दाबते. किरणं मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात, आम्हाला वर्षाला सरासरी २० चालतं, बाकी लोकांना १. तुझ्या खोलीत काय आहे? प्लायवूडचं पार्टिशन. त्याला लागून आजीची कॉट. आजी त्या १ वाल्यांत येते. ती सकाळी विचारत होती, 'पोरगं रातभर काय करलालंय ग आत, सारखं चर्रचर्र वाजतंय.' मी म्हटलं अभ्यास.

म्हणून विचारते, तोंड खिडकीकडे होतं का पार्टिशनकडे? नळीतून चारी बाजूंनी थोडं थोडं बाहेर येतंच, पण मुख्य झोत कुठे होता? किती वेळा चालवलंस, किती सेकंद? तू म्हणशील केव्ही, म्हणजे नळीचे किलोव्होल्ट, कमी होते, जास्तीत जास्त काय होणार. असेल. पण मोजलंस का? न मोजता 'काही नाही होत' म्हणणं हे आमच्याकडे नवीन पोरं करतात, त्यांनापण मी असंच झापते.

तू आठ वर्षांचा असताना सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावरून पडलास, मनगट मोडलं, एक्स-रे मीच काढला. तुला टेबलावर ठेवून मी आडोशामागे गेले तर तू केवढ्याने ओरडलास, 'आई तू मला सोडून पळतेस का!' मी म्हटलं तुझं एकदाच आहे रे, माझं रोजचं. तुला पटलं नव्हतं. नंतर फिल्म दिव्यावर लावून दाखवली तर रडं विसरून हाडं मोजत बसलास. त्याच्या आधीचं तर तुला माहीतच नाही, तुझे दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी इन्चार्जना सांगून मी केसपेपरच्या खिडकीवर बसले, तरी नऊ महिने मागचे दिवस बोटांवर मोजत होते. एवढं करून आणलेला पोरगा आता स्वतःच घरात नळी पेटवतो.

सामान फेकलेलं नाही. खोक्यात घालून माळ्यावर ठेवलंय, नळी वेगळी गुंडाळून. तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये सरांशी बोल, लायसन्सची खोली असेल तिथे त्यांच्यासमोर कर, मी रजा टाकून बघायला येईन. घरात नाही. हे मी हुकूम म्हणून सांगते, वाईट वाटलं तर वाटू दे.

किल्लीची फिल्म टेबलावर सापडली. आज ड्यूटीला पर्समधून नेली, व्ह्यू बॉक्सवर लावली. दात न् दात आलाय रे, मधलं भोकसुद्धा. कडा थोड्या धूसर आहेत, नळी फार जवळ धरलीस तू. म्हणजे तूपण जवळच उभा होतास ना? शेजारची सिस्टर म्हणाली कुणाचं आहे, मी म्हटलं आमच्या पोराने काढलंय. मग पटकन काढून पर्समध्ये ठेवली.

दोन्ही हातांच्या बोटांचे फोटो पाठव, उजेडात काढ. गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा डबा देते, आत्ताचा बाबांनी संपवला.

आणि तोंड कुठे होतं ते सांग. आजीची कॉट आज समोरच्या खोलीत हलवलीय, तिला सांगितलं तिकडे वारा चांगला येतो.

आई