पाण्याखालचा रोबो बनवणाऱ्या पोरांना तरणतलावात दोन तास द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना महापालिकेच्या तरणतलावात आठवड्यातून दोनेक तास हवे असतात, पोहायला नाही, त्यांनी स्वतः बनवलेला पाण्याखालचा रोबो टेस्ट करायला. ते काही केल्या मिळत नाहीत. एवढ्यासाठी हे पत्र.

माझा साकीनाक्याला लेथचा गाळा आहे. एका कॉलेजची पोरं माझ्याकडे जॉब घेऊन येतात, अ‍ॅल्युमिनियमची झाकणं, फ्लँज, मोटारीचे ब्रॅकेट असलं काय काय. पहिल्यांदा वाटलेलं की कॉलेजचं प्रोजेक्ट असेल, मार्क मिळाले की विसरतील. पण ही पोरं रात्री गाळा बंद व्हायच्या टायमाला येऊन बसायची, ड्रॉइंग बदलून आणायची, पॉइंट झिरो टू चा फरक पडला तरी विचारायची की काका असं का झालं. मग मीच विचारलं की नेमकं बनवताय काय, तर म्हणाले एयूव्ही, म्हणजे पाण्याखाली आपलं आपण चालणारं यंत्र. वर कुणी रिमोट घेऊन बसलेलं नसतं, मागे वायर नसते. पाण्यात सोडलं की गेट शोधायचं, त्यातून जायचं, पाण्यात तरंगणाऱ्या रंगीत गोळ्याला, म्हणजे बॉयला, धक्का मारायचा, छोटा टॉर्पेडो भोकातून मारायचा, सगळं स्वतःच्या डोक्याने. अमेरिकेत रोबोसब नावाची विद्यार्थ्यांची स्पर्धा 1998 पासून होते, बरीच वर्षं ती सॅन डिएगोला तिथल्या नेव्हीच्या टाकीत होत होती, ती टाकी 38 फूट खोल. आपल्याकडे चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था सेव्ह नावाची स्पर्धा घेते. आयआयटी बॉम्बेच्या पोरांचं 'मत्स्य' नावाचं यंत्र तर सॅन डिएगोला कित्येकदा उतरलंय.

आता लोकांना वाटतं ड्रोन हवेत उडतो तसं हे पाण्यात पोहणार, त्यात काय एवढं. पण तसं नाहीये. पाण्यात शिरलं की रेडिओच्या लहरी थोड्याच अंतरात विरतात, त्यामुळे जीपीएस गेलं, वायफाय गेलं, आपण कुठे आहोत हेच यंत्राला कळत नाही. उरतो फक्त आवाज. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पाण्यात 1500 च्या आसपास. स्पर्धेत तळाशी एक पिंगर ठेवलेला असतो, तो आपल्या कानाला ऐकूच येत नाही अशा पट्टीत टिक टिक करत असतो आणि यंत्राला बसवलेले पाण्यातले माईक तो आवाज कुठल्या बाजूने आला ते ओळखतात. कसं, तर एका माईकला आवाज आधी पोचतो, दुसऱ्याला मागाहून. दोन माईकमध्ये दीड सेंटीमीटरचं अंतर असलं तर हा फरक जास्तीत जास्त 10 मायक्रोसेकंद. सेकंदाचा लाखावा भाग! तेवढ्यावरून ही विशीतली पोरं दिशा काढतात. मला हे समजायला दोन-तीनदा विचारावं लागलं पण समजल्यावर खरंच भारी वाटलं.

माझ्या कामाचा भाग म्हणजे पाणी आत न जाणं. सगळी इलेक्ट्रॉनिक्स एका पाइपात बंद असते, लॅमिंग्टन रोडवरून जमवलेले बोर्ड, कॅमेरा, बॅटरी, आणि दोन्ही टोकांना झाकण. दर 10 मीटर खोलीला चौरस सेंटीमीटरवर एक किलो दाब वाढतो, म्हणजे 20 सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर 10 मीटरला 300 किलोच्या वर वजन बसलं. हे सगळं अडवून धरते ती नागदेवी स्ट्रीटवर मिळणारी रबराची गोल कडी, ओ-रिंग, आणि ती बसते ती खाच, म्हणजे ग्रूव्ह, मी लेथवर काढतो. ग्रूव्हला फिनिश नसला, कुठे बर, म्हणजे धातूची बारीक धार, राहिली की संपलं. टीममधली एक मुलगी झाकण उजेडाला धरून नखाने पूर्ण ग्रूव्ह फिरून बघते, नख कुठे अडकलं की लगेच परत देते, काका इथे आहे. मग एमरी पेपर मारायचा, पुसायचं, तेही फडक्याने नाही कारण फडक्याचा एक धागा रिंगखाली राहिला तरी त्याच्या कडेने पाणी शिरतं. मग सिलिकॉन ग्रीसचा हलका हात, झाकण दाबून बसवायचं, आणि छोट्या पंपाने आतली हवा खेचून गेज लावून ठेवायचा. काटा हलला नाही तर सील बरोबर. काटा बघताना सगळी पोरं गप्प उभी असतात, मीही असतो.

पण सील झालं म्हणजे यंत्र झालं असं नाही ना. खरं काम तिथून पुढे, आणि ते पाण्याशिवाय होत नाही. माझ्या गाळ्यामागे पाण्याचं पिंप आहे त्यात ते बुडवून बघतात, लीक आहे की नाही एवढं त्यात कळतं, बाकी काही नाही. मोटारी सुरू केल्या की यंत्र पिंपाला आदळतं. आवाजाची टेस्ट करायला जावं तर चारी बाजूंनी प्रतिध्वनी येतो आणि माईकला कळतच नाही खरा आवाज कुठला. तरंगणं-बुडणं सेट करायचं असतं, म्हणजे कुठे फोम लावायचा कुठे वजन, यंत्र थोडं हलकंच ठेवतात म्हणजे बॅटरी बंद पडली तरी आपोआप वर येईल. वळताना ते डुलत राहतं, ते थांबवायला प्रोग्रॅममधले आकडे बदलून बदलून पुन्हा सोडायचं, पुन्हा बघायचं. कॅमेऱ्याचं तर वेगळंच, पाणी लाल रंग आधी खातं, काही मीटरवरून केशरी गेट मळकट दिसायला लागतं, टेबलावर शिकवलेला प्रोग्रॅम पाण्यात आंधळा होतो. हे सगळं लांब-रुंद, बऱ्यापैकी खोल आणि स्वच्छ पाण्यातच होणार.

कुणी म्हणेल एवढा समुद्र आहे की मुंबईला. आहे, पण कुर्ल्या-माहीमच्या खाडीत हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत, मोठ्या भरतीला पाणी 4 मीटरच्या वर चढतं, ओढ असते, महिनोन्‌महिने राबून केलेलं यंत्र तिथे सोडायचं म्हणजे गेलंच समजा. शिवाय खाऱ्या पाण्यात उचल जास्त, 30 किलोच्या यंत्राला पाऊण किलोचा फरक पडतो, मग पुन्हा सगळं सेटिंग नव्याने.

म्हणून पोरं पूल शोधत फिरतात. एका प्रायव्हेट क्लबने तासाचा असा रेट सांगितला की तेवढ्यात दोन मोटारी आल्या असत्या. एका सार्वजनिक तरणतलावावर अर्ज घेतला, मग सांगितलं वरून परवानगी आणा, वर गेले तर म्हणे अशी तरतूदच नाही. नकार देणाऱ्यालाही मी दोष देत नाही, त्याच्यासमोर नियमच नाही तर तो सही कशावर करणार. तो नियम बनवा एवढंच मागणं आहे.

पूलवाल्यांना भीती वाटते ती विजेची, आणि ती भीती रास्तच आहे. पण यात घरातली 230 व्होल्टची वीज नसते, कमी व्होल्टची बॅटरी असते आणि तीही सीलबंद. यंत्राच्या वर किल स्विच असतो, तो ओढला की सगळ्या मोटारी बंद, स्पर्धेत त्याच्याशिवाय पाण्यात उतरूच देत नाहीत. मोटारींच्या पंख्यांना जाळी लावता येते. पोहणाऱ्या लोकांची बॅच अजिबात हलवू नका, तिथे आधीच नंबर लागत नाहीत, माझ्या ओळखीतले लोक वाट बघून कंटाळलेत. ज्या वेळी बॅच नसते तेव्हाचे दोन तास द्या. लाइफगार्डचे त्या तासांचे पैसे कॉलेजने भरावेत, डिपॉझिट घ्या, प्राध्यापकाची सही घ्या, आधी यंत्र तपासून घ्या. दादर, चेंबूर, मुलुंड, कांदिवली असे चार दिशांना पालिकेचे तलाव आहेत, प्रत्येक बाजूचा एक दिला तरी शहरातल्या बहुतेक टीमचं भागेल.

आणि हे काही फॅन्सी शौक नाहीत हो. केंद्राने 2021 मध्ये डीप ओशन मिशनला 4077 कोटी मंजूर केले, त्यात तीन माणसांना समुद्रात 6000 मीटर खाली नेणारी मत्स्य 6000 नावाची छोटी पाणबुडी बनतेय. कलवरी वर्गाच्या 6 पाणबुड्या आपल्याच माझगाव डॉकमध्ये बांधल्या. मुंबई हायला 1974 मध्ये तेल सापडलं, तिथल्या समुद्रतळाच्या पाइपलाइनी तपासायला अशीच यंत्रं लागतात. ही कामं करणारी माणसं कुठून येणार, तर आज माझ्या गाळ्यात ओ-रिंगवर नख फिरवणाऱ्या पोरांतूनच. त्यांना शिकायला लागतं ते पाणी आपल्याकडे रोज काही तास रिकामं पडून असतं.

पालिका आयुक्त आणि उद्यान-तरणतलाव बघणाऱ्या अधिकाऱ्यांनी निदान एका तलावावर हे सुरू करून बघावं. सील तपासून सर्टिफिकेट द्यायला कुणी लागलं तर माझा गेज आणि पंप घेऊन मी स्वतः येईन, पैसे घेणार नाही. पावसाळ्याआधी झालं तर उत्तम, कारण स्पर्धेसाठी यंत्र पेटीत भरायच्या आधी पोरांना निदान महिनाभर पाणी मिळायला हवं.

आपला,
एक लेथवाला वाचक, साकीनाका