नुसत्या कर्जावर विमान कंपन्या टिकत नाहीत

संपादक साहेब, किंगफिशर २०१२ ला बसली, जेट २०१९ ला, गो फर्स्ट २०२३ ला, अन् दरवेळी पैसे अडकले ते कर्मचाऱ्यांचे आणि तिकीट काढलेल्या लोकांचे. कोरोनानंतर सरकारनं विमान कंपन्यांसाठी सरकारी हमीवरच्या कर्जाची मर्यादा कंपनीमागं १५०० कोटींपर्यंत नेली, बरं केलं, पण फेडायचं कशातनं? विमानाचं इंधन अजून जीएसटीत नाही, त्यावर भरलेल्या व्हॅटचं (राज्याच्या कराचं) क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातनं वजावट, कंपनीला मिळत नाही, खरं दुखणं तिथंय. आपल्या सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरनं आत्ता कुठं विमानं उडायला लागलीत, ते पण आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडून, एवढी वर्षं वाट बघून. उडानचं, म्हणजे छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठीच्या सरकारी योजनेचं, अनुदान तीन वर्षांचं असतंय, नंतर रिकाम्या सीटा कोण भरणार? चादर-टॉवेलवाल्या व्यापाऱ्यांना सकाळी जाऊन रात्री परत येता येईल असं टायमिंग आत्ताच बसवा.

— एक वाचक, सोलापूर